सेनासाहेबसुभा : एका वंशपरंपरागत किताबाचा इतिहास

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरा ज्या स्थळास ओळखते, त्याच्या पुढून वाहणारी ही नदी १८०३ साली नागपूरकर भोसल्यांच्या मुलखाची सीमा ठरली. या घराण्याच्या राज्यविस्ताराची हकीकत सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या 'सेनासाहेबसुभा' या किताबाचाच मागोवा घ्यावयाचा आहे. कारण घराण्याच्या उदयाप्रमाणे त्याच्या अस्ताशीही हा शब्द निगडित आहे.

शब्दाची घडण उद्बोधक आहे. 'सेना' संस्कृत, 'साहेब' आणि 'सुभा' हे फारसीच्या द्वारे आलेले मूळचे अरबी शब्द. दरबारी भाषेस संस्कृत पर्याय देण्याचा यत्न शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोशाने केला होता; तरीही हा किताब मिश्रच राहिला. सैन्याचे आधिपत्य आणि प्रांताचा अधिकार, असे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत.

१७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूमहाराजांस परसोजी भोसले प्रथम मिळाले. त्याबद्दल त्यांस हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवनाचे हक्क लाभले. त्यांच्यामागून पुत्र कान्होजी व नंतर भाऊबंदांपैकी रघूजी, असा तो चालत आला. किताब वंशपरंपरागत खरा, परंतु प्रत्येक वारसाने त्याची वस्त्रे छत्रपतींच्या नावाने घ्यावयाची, हे लक्षात ठेवले पाहिजे. १७५५ साली रघूजी निवर्तल्यावर जानोजी व मुधोजी यांचा तंटा याच वस्त्रांसाठी पेशव्यांपुढे गेला. शेवटी जानोजीस 'सेनासाहेबसुभा' आणि मुधोजीस 'सेनाधुरंधर' असे किताब मिळाले. जानोजीच्या मृत्यूनंतर हाच वाद रणांगणावर गेला. १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजीच्या हातून सख्खा भाऊ साबाजी मारला गेला.

वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल होता. १८०३ साली अडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. ज्या प्रांताच्या हक्कांसह किताब मिळाला होता, तो प्रांत नाहीसा झाला. शब्द मात्र उरला.

उरलेला शब्दही निरुपद्रवी नव्हता. १८१६ साली आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. पुढील वर्षी पेशवे इंग्रजांशी लढत असतानाच, २४ नोव्हेंबर १८१७ रोजी, आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे जाहीरपणे स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्स यास हे वैर वाटले. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचे स्वातंत्र्य संपले.

याला परदेशीय साम्य आहे. आयर्लंडमधील ह्यू ओ'नील यास इंग्लंडच्या राणीने 'अर्ल' हा किताब मान्य केला होता. तथापि १५९५ साली त्याने आपल्या कुळाचे जुने 'ओ'नील' हे पद धारण केले, तेव्हा तो राजद्रोह मानण्यात आला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : मान कोणाच्या हातून घ्यावयाचा?

१८५३ साली तिसरे रघूजी औरस पुत्राविना वारले व १८५४ साली राज्य खालसा झाले. पुढे इंग्रजांनी या घराण्यास 'राजाबहादूर' हा किताब दिला, तो सातारा जिल्ह्यातील देऊर गावाच्या नावाने. त्यात ना सेना होती, ना सुभा. किताबाचा इतिहास पाहताना त्याच्या अर्थाइतकेच त्याच्या दात्याकडेही लक्ष दिले पाहिजे, हेच यावरून दिसते.