पोथीचें कुलूप

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. गेवराई तालुक्यांत तिच्या कांठीं पांचाळेश्वर नांवाचें क्षेत्र आहे. महानुभाव पंथाचे लोक त्यास आत्मतीर्थ म्हणतात. श्रीदत्तात्रेयप्रभूंचें हें नित्य भोजनस्थान, अशी त्यांची श्रद्धा आहे. नदीच्या उगमाकडे चालत गेलें कीं एकनाथांचें पैठण लागतें, आणि ह्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अंबाजोगाईस, मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधि आहेत. मराठी भाषेचें बाळपण ज्या टापूंत गेलें त्यांतच हा मुलूख मोडतो. परंतु ह्या शेजाऱ्यांच्या ग्रंथांची कथा एकसारखी नाहीं. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो; तो ज्याला हवा त्यानें उतरून घ्यावा असा होता. दासोपंतांनीं तर आपलें 'पंचीकरण' लांबलचक कापडावर आकृत्या काढून लिहिलें. ती पासोडी पसरावी आणि ज्याला अक्षरओळख आहे त्यानें वाचावी. पांचाळेश्वरास माथा टेकणाऱ्या पंथाच्या पोथ्या मात्र शतकानुशतकें अशा राहिल्या कीं, हातीं आल्या तरी त्या परक्यास वाचतां येऊं नयेत.

ह्या जुन्या गोष्टीची आठवण आजच पुन्हा व्हावी असें एक कारण घडलें आहे. सुशिक्षित घरांत टेबलावर जो संगणक असतो, त्याच्या पोटांतील तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, घराचा अर्धा संसार सांठविलेला असतो. बँकेचे हिशेब, जमिनीचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें, गेलेल्या माणसांचीं छायाचित्रें, सारें तेथेंच. संगणक चोरीस गेला किंवा दुरुस्तीस दिला, तर आरंभीं परवलीचा शब्द विचारणारा पडदा फारसा कामास येत नाहीं. तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली कीं सर्व कांहीं उघडें. वाड्याच्या दरवाजास कडी, पण मागची भिंत पडलेली, असा तो प्रकार. म्हणून सबंध तबकडीवरील मजकूरच सांकेतिक करून टाकण्याची सोय निघाली. एखादें पान नव्हे, तर सबंध पोथी कुलुपांत. ही युक्ति अगदीं अलीकडची आणि परदेशची, असा सामान्य समज आहे. यंत्र परदेशचें खरें. पण सबंध पोथी कुलुपांत घालावी आणि किल्ली माणसांच्या हातीं द्यावी, हा प्रयोग मराठींत फार पूर्वीं आणि फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे.

तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींनीं महाराष्ट्रांत संचार करून हा पंथ स्थापिला. त्यांच्यामागें नागदेवाचार्य पंथाचे धुरीण झाले, आणि म्हाइंभटांनीं स्वामींच्या आठवणी, ज्यानें त्यानें पाहिल्या ऐकल्या तशा, विचारून विचारून गोळा केल्या. त्याच 'लीळाचरित्र' होत. त्यांचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. मराठी गद्याचा एवढा जुना आणि एवढा मोठा ग्रंथ दुसरा नाहीं. 'स्मृतिस्थळां'त एक प्रसंग आहे. केसोबास हे संस्कृताचे पंडित. त्यांना पंथाचें तत्त्वज्ञान संस्कृतांत लिहावयाचें होतें. नागदेवाचार्यांनीं त्यांना अडविलें. संस्कृतांत लिहिल्यानें पंथांतील म्हाताऱ्या बायाबापड्या नागविल्या जातील, असें त्यांचें म्हणणें. ज्या पंथानें विद्येचें संस्कृत कुलूप असें हेतुपुरस्सर काढलें, त्याच पंथानें दोन पिढ्यांच्या आंत आपल्या मराठीस दुसरें कुलूप घातलें. ही विसंगति डोळ्यांआड करण्यासारखी नाहीं. मात्र तिच्यावर हंसण्यापूर्वीं मधल्या काळांत काय घडलें तें पाहिलें पाहिजे.

देवगिरीवर इ. स. १२९६ त अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत यादवांचें राज्य लयास गेलें. पंथाची परंपरा सांगते कीं, ह्या धामधुमींत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली. ज्यांना ती मुखोद्गत होती अशा शिष्यांनीं आपापल्या स्मरणांतून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा ह्या बाईचें स्मरण इतकें तल्लख होतें कीं, तिच्या नांवानें एक स्वतंत्र पाठ आजतागायत ओळखला जातो. अशा रीतीनें एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले, आणि संशोधकांना कायमची डोकेदुखी लागली. तरीही ग्रंथ वांचला! तो कुलुपामुळें नव्हे, तर अनेक माणसांच्या मुखीं असल्यामुळें वांचला. नाश टाळावयाचा तर प्रती अनेक पाहिजेत; परक्याची नजर टाळावयाची तर कुलूप पाहिजे. हीं दोन कामें अगदीं निराळीं आहेत, आणि एकानें दुसरें होत नाहीं.

कुलूप आलें तें त्यानंतर. चौदाव्या शतकांत 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांकडे 'सकळ' लिपीचें जनकत्व दिलें जातें. तिच्यामागून सुंदरी, पारिमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. पण सर्वांत अधिक प्रचार सकळ लिपीचाच झाला. तिचें तत्त्व कठीण नाहीं. एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचें, आणि वाचणाऱ्यानें तें मनांतल्या मनांत परत फिरवावयाचें. केवळ नमुन्यादाखल, सकळ लिपींतला नव्हे असा, एक खेळ करून पाहावा. 'क' आणि 'म' यांची अदलाबदल करावी, 'ल' आणि 'र' यांची करावी; मग 'कमल' लिहावयास जावें तों कागदावर 'मकर' उमटतो. किल्ली नसलेला मनुष्य पाण्यांत फूल आहे कीं सुसर, हें कसें ओळखणार? असल्या अक्षरपालटाची विद्या आपल्याकडे जुनीच आहे; वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून ती गणली आहे. महानुभावांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं ती चिठ्ठीचपाटीसाठीं न वापरतां ग्रंथच्या ग्रंथ तिच्यांत उतरविले, आणि पिढ्यानुपिढ्या उतरवीत राहिले.

ह्याचा लाभ काय झाला? उघड्या ग्रंथांत नकलकार आपल्या पदरच्या ओव्या घुसडतात; पैठणास एकनाथांना शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती ह्याचमुळें. सांकेतिक पोथी दीक्षित माणसाखेरीज कोणी उतरूं शकत नव्हतें, आणि तो भीतभीतच उतरणार. हानि मात्र मोठी झाली. वेदप्रामाण्याविषयींची पंथाची भूमिका, इतर देवतांची पूजा न करणें, साधूंचीं काळीं वस्त्रें यांमुळें लोकांच्या मनांत आधींच किंतु होता; त्यांत ग्रंथ वाचतां येत नाहींत, तेव्हां आंत कांहीं तरी भयंकर असलेंच पाहिजे, असा तर्क लोक करूं लागले. 'मानभावी' हा शब्द मराठींत ढोंगी ह्या अर्थानें रूढ झाला तो अशाच वातावरणांत. बंद पेटींत काय आहे हें सांगण्याचें काम अखेर शत्रूच करतो.

किल्ली मात्र हरवली नाहीं. ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. पंथ पंजाबांत आणि पुढें काबूलपर्यंत गेला तेव्हां तिकडेही गेली. तेथें ह्या लोकांना जयकृष्णी म्हणत. घरीं पंजाबी बोलणारीं माणसें मठांत मराठी पोथी वाचीत, ही हकीकत मराठी माणसास आजही नवी वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भावे यांनीं महानुभाव वाङ्मयाचा परिचय महाराष्ट्रास करून दिला, आणि १९२५ सालीं यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ निघाला. पुढें ह. ना. नेने यांनीं 'लीळाचरित्र' संपादिलें, आणि १९७८ सालीं वि. भि. कोलते यांची मोठी आवृत्ति आली. पंथांतील महंतांनींही हळूहळू पेट्या उघडल्या. आंत भयंकर असें कांहींच नव्हतें. तेराव्या शतकांतील माणसें तेथें बोलत बसलीं होतीं: जेवत होतीं, रुसत होतीं, वाटेनें चालत होतीं, आणि तीं सारीं अस्सल मराठींत. मराठीचा जन्म केवळ ओवींत झाला असें समजणाऱ्यांना आपलीं पाठ्यपुस्तकें बदलावीं लागलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सकळ लिपीचें कुलूप फारसें पक्कें नव्हतें. एका अक्षरास नेहमीं तेंच दुसरें अक्षर, अशी योजना असली म्हणजे भाषेच्या लकबी झांकल्या जात नाहींत. मराठींत कांहीं अक्षरें वारंवार येतात, कांहीं क्वचित्. सांकेतिक पानांतही तें प्रमाण तसेंच उमटतें. बगदादच्या अल्-किंदी ह्या पंडितानें नवव्या शतकांतच हें मोजमाप लिहून ठेविलें आहे. अर्थात् एखाद्या व्यासंगी माणसानें नेट धरला तर असलें कुलूप उघडतेंच. तें कच्चें होतें हें मराठी भाषेचें भाग्यच म्हटलें पाहिजे.

आजच्या तबकडीचें कुलूप तसें नाहीं. बहुतेक संगणक ज्या पद्धतीनें तें घालतात ती बेल्जमच्या दोन गणितज्ञांनीं रचली आणि २००१ सालीं अमेरिकेंत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्यांत अक्षरांचें प्रमाण शिल्लक राहत नाहीं. उमटतो तो निव्वळ गोंधळ. परवलीचें वाक्य विसरलें, किंवा तें एकट्या घरधन्यास ठाऊक होतें आणि तो गेला, तर सहाशें वर्षें थांबूनही कोणी राजवाडे येणार नाहींत. म्हणून विंडोजमधील बिटलॉकर असो, मॅकमधील फाइलव्हॉल्ट असो, कीं लिनक्समधील लक्स असो, कुलूप घालण्यापूर्वीं सर्व मजकुराची एक प्रत निराळ्या तबकडीवर काढून ठेवावयाची असते. हिराइसेचें काम तें. पुढचें बरेंचसें यंत्रच करतें. तें आपली मूळ किल्ली स्वतः बनवितें, आणि धनी ठरवितो तें परवलीचें वाक्य केवळ त्या मूळ किल्लीची पेटी उघडण्यापुरतें असतें. म्हणून वाक्य बदललें तरी सबंध पोथी पुन्हा लिहावी लागत नाहीं. वाक्य लांब असावें, आणि कोणत्याही प्रसिद्ध अभंगाचा चरण नसावा. संगणक चालूं असेतों कुलूप उघडेंच असतें. मठांत पोथी मोठ्यानें वाचली जात असतां दाराबाहेर उभ्या असलेल्यास ती ऐकूं यावी, तसें. चोरापासून रक्षण होतें तें यंत्र पूर्ण बंद केल्यावरच.

लिनक्सच्या पद्धतींत एकाच पेटीस एकाहून अधिक वाक्यें लावतां येतात. एक नवऱ्याजवळ, एक बायकोजवळ. बिटलॉकर अठ्ठेचाळीस अंकांची एक राखीव किल्ली देतो. ती त्याच संगणकांत सांठवून ठेवणारे लोकही आढळतात. तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवण्याचाच हा प्रकार. तिची जागा कागदावर, सातबाराच्या उताऱ्यांच्या आणि विम्याच्या कागदांच्या पेटींत. आणि ती उतरून घेतल्यावर एकवार संगणक बंद करून, त्याच कागदावरून, घरांतील दुसऱ्या माणसाकडून तो उघडून पाहावा. अठ्ठेचाळिसांतील एखादा अंक चुकून 'तीन'चा 'दोन' झाला असेल, तर तें त्याच दिवशीं कळतें.