नाव ठेवणारे शेजारी

बाळाचं नाव आत्या ठेवते आणि नावं शेजारी ठेवतात, असा आपल्याकडचा रिवाज. स्पेनमध्ये मात्र नावसुद्धा शेजाऱ्यांनीच ठेवलं.

स्पॅनिश माणूस स्वतःला ‘एस्पान्योल’ म्हणवतो, तेही छाती फुगवून. पण हा शब्द त्याच्या घरचा नाहीच, असं बिंग १९४८ साली पॉल एबिशर या स्विस भाषापंडिताने फोडलं. मूळ लॅटिन ‘हिस्पानिओलुस’. आता कॅस्टिलच्या बोलीला एक खोड आहे. आघाताचा ऱ्हस्व ‘ओ’ तिच्या तोंडात गेला की ‘उए’ होऊन बाहेर पडतो. त्या न्यायाने ‘एस्पान्युएलो’ व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण स्वारी पिरेनीज डोंगर ओलांडून, दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्साल भाषेतून आयती आली!

मग यांना स्वतःचं नाव नव्हतं की काय? अहो, गरजच पडली नव्हती. ७११ साली मुसलमानी फौजा आल्या, तेव्हापासून उत्तरेकडचे लोक स्वतःला नुसतं ‘ख्रिस्ती’ म्हणत; फार तर कॅस्टिलचे, लिओनचे, आरागॉनचे. सांतियागोच्या यात्रेला येणाऱ्या फ्रेंच वारकऱ्यांना मात्र ही सगळी मंडळी सारखीच. त्यांनी सरसकट एकच चिठ्ठी डकवली. (आपल्याला नाही का, सिंधूकाठचे म्हणून इराण्यांनी ‘हिंदू’ करून टाकलं!) १३व्या शतकातल्या एका काव्यात ‘एस्पान्योन’ असा दुसरा एक शब्द सापडतो, पण तो बिचारा टिकला नाही.

यादवी युद्धापायी देश सोडावा लागलेल्या अमेरिको कास्त्रोंनी १९७० साली या विषयावर पुस्तकच काढलं. नाव काय, तर ‘एस्पान्योल, परका शब्द’. तिकडे फ्रँकोचं सरकार सनातन, अखंड स्पेनची पोथी वाचतंय, आणि हे गृहस्थ सांगताहेत की रोमन काळात स्पॅनिश माणूस जन्मलाच नव्हता. तो पुढे ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू यांच्या सहवासातून घडला. सान्चेझ-आल्बोर्नोझ हे दुसरे इतिहासकार. तेही परागंदाच. पण या मुद्द्यावर दोघांचं कधी जमलं नाही. मला विचाराल तर शब्दाचा पुरावा कास्त्रोंच्या बाजूने आहे.

आता गोतावळा बघा. कोलंबसाने १४९२ साली ‘ला एस्पान्योला’ म्हटलेलं बेट, म्हणजे हिस्पानिओला, ही बहीण. हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक तिच्याच अंगाखांद्यावर. लोंबत्या कानांचा स्पॅनिअल कुत्रा हा फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला सख्खा चुलतभाऊ. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात तो उड्या मारताना दिसतो. आणि आजोबा ‘हिस्पानिया’? एक जुना तर्क असा, की फिनिशियन खलाशांनी तिथले ससे पाहून ते नाव दिलं. पंडित यावर भांडतात. पण सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर हिस्पानियाच्या पायाशी ससा बसलेला आहे खरा.

म्हणजे आजोळी ससे, आणि चुलतभाऊ शिकारी कुत्रा.