‘संजद’ : एका गळलेल्या शब्दाची गोष्ट



क्रांती चौकाजवळच्या आमच्या बायकांच्या स्वाध्यायात मागच्या चातुर्मासात गुणस्थानं चालू होती. चौदाही म्हणून झाल्यावर एका नव्या सुनेने विचारलं, “काकू, यातली आपल्याला किती?” मी सवयीने म्हटलं, “पाच.” ती म्हणाली, “मग पुस्तकात नुसतं ‘जीव’ का लिहिलंय?” मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली.

तशी आपली बोलीही अशीच आहे. ‘आधी माणसं जेवतील, मग बायका’ हे वाक्य मी लग्नात शंभरदा बोलले असेन. माणसं म्हणजे पुरुष. बाईचा वेगळा उल्लेख करावा लागतो. सिमोन द बोव्हा या फ्रेंच लेखिकेने १९४९ साली हेच मांडलं, की पुरुष हे माप धरलं जातं आणि बाई त्या मापाने ‘दुसरी’ ठरते. पण त्याच्या दहा वर्षं आधी आपल्या अमरावतीत जे घडलं, ते मला जास्त जवळचं वाटतं.

षट्खंडागम हा आपला दिगंबरांचा प्राचीन सिद्धांतग्रंथ, पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांचा. त्यावर वीरसेन स्वामींची धवला टीका. ताडपत्रं मूडबिद्रीला, शतकानुशतकं केवळ दर्शनापुरती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह छापला. हाताशी मूळ ताडपत्रं नव्हती, नकलांवरून केलेल्या नकला होत्या.

त्यातलं ९३ वं सूत्र ‘मनुष्यिणी’बद्दल आहे. ती कोणकोणत्या गुणस्थानांत असते, हे त्यात येतं. नकलांमध्ये यादी संयतासंयतापाशी, म्हणजे पाचव्यापाशी थांबत होती. मात्र खाली टीकेत वीरसेन स्वामी एक शंका घेतात: यावरून स्त्रियांनाही मोक्ष सिद्ध होईल ना? सूत्र पाचव्यावरच थांबत असेल, तर ही शंका येईलच कशी? मी कॉमर्सची. खतावणीत रक्कम आहे आणि रोजकीर्दीत नोंदच नाही, तर नोंद राहून गेली हे कुणीही ओळखेल. हीरालालजींनी तेच ओळखलं. इथे ‘संजद’ म्हणजे ‘संयत’ हा शब्द गळलेला दिसतो, अशी त्यांनी तळटीप दिली. संयत म्हणजे सहाव्या गुणस्थानापासून पुढचे, महाव्रती.

केवढा वाद झाला त्यावर! शब्द ठेवला तर आगमच बाईला वर नेतो, अशी भीती. सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरताना हा शब्द घ्यायचा की नाही, यावरही पंडितांत जुंपली. शेवटी मूडबिद्रीची ताडपत्रं पाहिली. शब्द तिथे होता.

पण त्याने मोक्षाचा प्रश्न मिटला नाही, कारण वीरसेन स्वामींनी शंकेचं उत्तर देऊन ठेवलं होतं. बाई वस्त्र सोडू शकत नाही, म्हणून तिला पूर्ण संयम नाही. तेव्हा वरच्या गुणस्थानांची ‘मनुष्यिणी’ म्हणजे भावस्त्री, शरीराने पुरुष पण स्त्रीवेदाचा उदय असलेला जीव.

इथे मी बराच वेळ अडले. आचार्यांचा निर्णय बदला म्हणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पाचव्यापर्यंत मनुष्यिणी म्हणजे मी, आणि सहाव्यापासून तोच शब्द पुरुषाचा? ‘मनुष्य’ शब्दाला असं कधी कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही.

हे विचारणारी मी पहिली नाही, हे कळल्यावर बरं वाटलं. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, शाकटायन नावाचे यापनीय संघाचे आचार्य झाले. यापनीय मुनी आपल्या मुनींसारखेच नग्न राहत, पण स्त्रीमुक्ती मानत. शाकटायन मूळचे व्याकरणकार. त्यांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ लिहिलं आणि त्यात व्याकरणकाराचाच मुद्दा धरला: शब्दाचा सरळ अर्थ लागत असताना आडवळणाचा घेऊ नये. त्याच राष्ट्रकूटांच्या मुलखात आपलं वेरूळ. इंद्रसभेतल्या अंबिकेला आपण ओटी भरल्यासारखा नमस्कार करून येतो, पण हा वाद कधी कुणी सांगितला नव्हता.

मंडळाच्या कपाटातला पहिला खंड नंतरच्या आवृत्तीचा निघाला. त्यात ‘संजद’ सूत्रातच छापलेला आहे. सुनेने त्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला. पुढच्या बैठकीत टीका वाचणार आहोत, आणि माताजींचा विहार इकडे झाला की त्यांनाही विचारायचं ठरलंय.