वणव्याच्या वाटेवरचं झाड

1883 साल. तुम्ही सिंगापूर बेटाच्या जवळजवळ मध्यावर, बुकित तिमाहच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे आहात. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे भोवती दिवसाढवळ्या अंधार करणारं अरण्य असणार, अशा तयारीने तुम्ही आलात. पण नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं गवत आहे. टेकाडामागून टेकाड, सगळ्यांवर तेच. लालांग म्हणतात त्याला. कमरेच्या वर जातं, आणि पात्याच्या कडेने बोट फिरवलंत तर चिरतं. आठ-पंधरा दिवस पावसाने दडी मारली की हे गवत वाळून कोळ होतं, मग कुणाच्या तरी विडीची ठिणगीसुद्धा पुरते. गवत जळतं, पण त्याच्या जमिनीतल्या मुळ्या जळत नाहीत. पुढच्या पावसात ते पहिल्यासारखं उभं राहतं. जळतं ते त्याच्या कडेला कुठे तरी रुजू पाहणारं झाडाचं रोप. दर वणव्यात गवत थोडं पुढे येतं आणि जंगल थोडं मागे सरतं.

या रस्त्याने नॅथॅनिएल कँटली नावाचा माणूस फिरतो आहे. मॉरिशसच्या वनस्पती उद्यानातली नोकरी सोडून 1880 मध्ये तो इथल्या बोटॅनिक गार्डन्सचा प्रमुख म्हणून आला. उसाच्या मळ्यांनी मॉरिशसवरच्या जंगलाचं काय केलं, ते त्याने पाहिलेलं आहे. आता सरकारने त्याला सिंगापूर, मलाक्का, पेनांग इथल्या जंगलांची पाहणी करून अहवाल द्यायला सांगितलंय. त्याच्या हिशेबात सिंगापूरवर जंगल उरलंय ते सात टक्क्यांच्या आसपास, तेही तुकड्यातुकड्यांत. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हे बेट किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जवळपास सगळं झाडीने झाकलेलं होतं. माणसाच्या एका आयुष्यात एवढं सगळं गेलं. मला हा आकडा कुठल्याही युद्धाच्या आकड्याइतकाच भयंकर वाटतो.

पंधरा वर्षं पुढे सरका. आता तुम्ही एका राखीव जंगलाच्या कडेला आहात. कँटलीच्या अहवालानंतर अशी जंगलं राखली गेली, बुकित तिमाह त्यांतलंच एक. पश्चिमेकडून धुराचा वास येतो आणि पाठोपाठ वाळकं गवत पेटल्याची तडतड ऐकू येते. जाळ माणसाच्या उंचीचा आहे आणि वारा त्याला तुमच्याच दिशेने रेटतो आहे. तुमच्या आणि त्या जाळाच्या मध्ये रस्त्याच्या कडेला झाडांची एक रांग आहे. गर्द, काळपट हिरवी, खालपर्यंत पानांनी भरलेली. तिच्यामागे जा आणि थांबा.

जाळ रांगेपाशी येतो आणि तिथे त्याचं खाणं संपतं. या झाडाची सावली इतकी दाट, की तिच्याखाली लालांग उगवतच नाही, सावली त्या गवताला सोसत नाही. आगीला पुढे जायला जमिनीवर काही उरलेलं नाही. पहिल्या काही झाडांची खालची पानं करपतात, पण ती चामड्यासारखी जाड असल्यामुळे चटकन पेट घेत नाहीत. खोड काळं पडतं, पण सालही जाड आहे, आतल्या जिवंत थरापर्यंत धग पोचत नाही.

हे झाड जंबू लाउत. इंग्रजीत त्याला सी अ‍ॅपल म्हणतात, आणि शास्त्रीय नाव सिझिजियम ग्रँडे. मर्टलच्या कुळातलं, म्हणजे पेरू, निलगिरी आणि आपलं जांभूळ ज्या कुळात येतात त्याच. त्यातही जांभळाचा तर अगदी जवळचा भाऊबंद, कारण दोघांची प्रजाती एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगापूरच्या रस्त्यांकडेला ते लावलं गेलं ते वाटसरूला सावली म्हणून नव्हे, तर वणवा अडवायला. मूळचं ते समुद्रकाठचं. खडक, वाळू, खारा वारा यांत वाढायची सवय असलेलं. काताच्या मळ्यांनी कस ओढून घेतलेल्या जमिनीत दुसरं काही तग धरत नव्हतं तिथे ते उभं राहिलं.

कात म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. चला, 1845 मध्ये.

रस्ता तोच, फक्त तो अजून तयार होतोय. दोन्ही बाजूंना खरं जंगल आहे, आणि त्यात जागोजागी धूर निघतोय. जवळच्या धुराकडे जा. चिनी मजुरांचं खोपट, त्यात विटांच्या चुलीवर भलीमोठी लोखंडी कढई, आणि कढईत उकळत असलेला पाला. गॅम्बिअर नावाच्या झुडुपाचा. चार-सहा तास तो शिजवायचा, घोटायचा, घट्ट झालेला रस साच्यात ओतायचा आणि निवला की वड्या कापायच्या. चामडं कमवायला, कापड रंगवायला, आणि विड्यात काताच्या जागी, असा या वड्यांचा उपयोग. युरोपातल्या चामड्याच्या कारखान्यांना हा माल हवा तेवढा मिळत नाही. आता कढईकडे नको, चुलीकडे पाहा. ती दिवसभर पेटती ठेवायची तर लाकूड लागतं. म्हणजे लागवडीसाठी एक जंगल तोडायचं आणि सरपणासाठी त्याच्या शेजारचं दुसरं. पंधरा-वीस वर्षांत जमिनीचा कस संपतो, सरपणही संपतं, मळेवाला पुढच्या डोंगरात सरकतो आणि मागे लालांग येतं. तुम्ही 1883 मध्ये पाहिलेला माळ या चुलीतून निघालेला आहे.

परत रस्त्यावर या. तिथे खडी फोडणाऱ्यांच्या पायांत बेड्या आहेत. हे सगळे हिंदुस्थानातले कैदी. 1825 मध्ये बेंकूलनहून पहिले इथे आणले गेले, नंतर मद्रास, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी येत राहिले. ज्या जहाजातून त्यांना आणत त्याला ते स्वतः 'जिता जनाजा' म्हणत, असं त्यांच्यावर अधिकारी म्हणून राहिलेल्या मॅकनेअरने पुढे लिहून ठेवलंय. अंदमानच्या आधी आपल्या लोकांचं काळं पाणी हेही होतं. आज आपण जे सिंगापूर पाहायला जातो त्याचे जुने रस्ते, कालवे, दीपगृह, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेलं इस्ताना, हे सगळं याच हातांनी उभं केलं. मराठी माणूस परदेशी गेला याच्या गोष्टी आपण डॉक्टर-इंजिनिअरांपासून सुरू करतो. त्या इथून सुरू करायला हव्यात.

एकजण हातोडा खाली ठेवून तुमच्याकडे बघतो. तुमच्या तोंडून निघालेला एखादा शब्द त्याच्या कानावर पडला असेल.

"गाव कंचा तुमचा?"

तुम्ही सांगता. तो मान हलवतो. त्याने ते पाहिलेलं नाही, पण नाव त्याला ठाऊक आहे. तुम्ही त्याला वाघांचं विचारता, कारण या जंगलात मळ्यावरची माणसं वाघ नेतो हे तुम्ही वाचलेलं आहे.

"वाघ तितंबी व्हता," तो म्हणतो. "हितं रान निराळं हाय. वळखीचं झाड सापडंना. समिंदराकडं कामाला नेलं व्हतं, तितं एक दिसलं. पान जांभळावानी. फळ बी धरतंय, पण हिरवंच ऱ्हातंय, आन् खाल्लं तर चवच न्हाई."

पहारेकरी ओरडतो. तो हातोडा उचलतो. तुम्ही आणखी काही विचारू शकत नाही, त्याचं नावसुद्धा. रस्त्याच्या इतिहासात ते आलेलं नाही.

त्याने सांगितलेलं झाड बघायला किनाऱ्यावर या, आणि 1822 मध्ये या, कारण तेव्हा किनारा अजून जुन्या जागी आहे. आज ज्याला बीच रोड म्हणतात तिथेच खरोखरची पुळण आहे. पुढचा सगळा भाग नंतर भराव घालून केलेला. दक्षिणेकडच्या कातळकड्यांवर जंबू लाउत वाकून उभं आहे. जवळ जाऊन एक पान हातात घ्या. वीतभर लांब, तुकतुकीत, आणि टोक खाली मुडपलेलं. या मुडपलेल्या टोकावरून हे झाड दुरूनही ओळखता येतं. फांद्यांच्या शेंड्यांना पांढऱ्या फुलांचे गुच्छ आलेत. पाकळ्या नावालाच असतात, दिसतो तो पुंकेसरांचा झुबका. जांभळाचा मोहर पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, फक्त इथे सगळं तिप्पट-चौपट मोठं आहे. वास गोडसर, जड, थोडा डोक्यात जाणारा. खाली पडलेल्या केसरांनी खडक पांढरे झालेत.

आता न उमललेली एक कळी तोडा आणि स्वयंपाकघरातून आणलेली लवंग तिच्या शेजारी धरा. खाली निमुळता देठासारखा भाग, वर चार निदलं, त्यांच्या मधोमध मिटलेल्या पाकळ्यांची गोल टोपी. लवंगेची टोपी मोहरीपेक्षा थोडी मोठी, हिची वाटाण्याएवढी. बाकी घडण एकच. लवंग म्हणजे याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका झाडाची वाळवलेली कळी.

त्या दुसऱ्या झाडासाठीच इथे एवढी धावपळ चाललेली आहे. 1819 मध्ये बेटावर इंग्रजांचं ठाणं बसवल्याबरोबर इंग्रज अधिकारी रॅफल्सने बेंकूलनहून लवंगेची आणि जायफळाची रोपं पाठवली. आणि आता, 1822 मध्ये, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच इथे आला आहे. टेकडीवर मसाल्याच्या झाडांची प्रायोगिक बाग काढायचं चाललंय. ती टेकडी म्हणजे आजचं फोर्ट कॅनिंग. लवंग रुजली तर डचांची मक्तेदारी मोडेल आणि बेट श्रीमंत होईल, हे सगळ्यांच्या डोक्यात आहे. किनाऱ्यावरच्या या बेचव फळाच्या झाडाकडे कोणी व्यापारी ढुंकून बघत नाही. ती बाग 1829 मध्ये बंद पडली. जायफळाच्या बागा पुढे ऑर्चर्ड रोडच्या भागात जोमाने वाढल्या आणि 1850 च्या दशकात रोगाने उजाड झाल्या. लवंगेने सिंगापूरला कधीच श्रीमंत केलं नाही. ज्याच्यासाठी कोणी पैसे मोजले नाहीत, त्या तिच्या भावाने साठ वर्षांनंतर या बेटाचं उरलंसुरलं जंगल पाठीशी घातलं.

अजून मागे जायचंय, तेव्हा पाय घट्ट रोवा. वीस हजार वर्षांपूर्वी तुमच्या समोरून समुद्रच नाहीसा होतो. हिमयुगात पाणी बर्फात अडकलेलं, त्यामुळे सागराची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली. मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ ही सगळी एकसंध जमीन आहे आणि सिंगापूर त्या जमिनीच्या पोटातलं एक टेकाड. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग समुद्रकाठचं हे झाड कुठे असेल? किनारा जिथे गेला तिथे, त्याच्या मागोमाग. बर्फ वितळला, पाणी चढत आलं आणि झाडही पिढ्यान् पिढ्या त्याच्यापुढे सरकत इथवर आलं. त्याला आणणारी वटवाघळं होती. रात्री फळ तोडायचं, दुसऱ्या झाडावर नेऊन गर खायचा आणि बी खाली टाकायची, हे त्यांचं काम तेव्हापासून चालू आहे.

पुढे या, 1942. बोटॅनिक गार्डन्समध्ये जॉन कॉर्नर हा वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. मलायातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी निघालाय, आणि जंबू लाउतसारख्या रोजच्या झाडांना त्यात मानाने जागा मिळालेली आहे. 15 फेब्रुवारीला शहर जपान्यांच्या हाती पडतं. कॉर्नर आणि होल्टम हे दोघे इंग्रज, तानाकादाते आणि पुढे कोरिबा या जपानी शास्त्रज्ञांबरोबर ऐन लढाईच्या काळात इथला वनस्पतिसंग्रह आणि ग्रंथालय सांभाळतात. नंतर त्याच्याच देशबांधवांनी कॉर्नरला त्यासाठी बरंच सुनावलं. माझ्या मते त्याने योग्य तेच केलं. ते वाळवलेले नमुने गेले असते, तर यापुढची गोष्ट घडणं अवघड होतं.

ती गोष्ट सप्टेंबर 2022 मधली आहे. बोटॅनिक गार्डन्समधला संशोधक यी वेन लो आणि त्याचे नान्यांग विद्यापीठातले, अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले सहकारी एक शोधनिबंध प्रसिद्ध करतात. सिझिजियम ही जगातली सर्वांत जास्त जातींच्या झाडांची प्रजाती, जवळपास बाराशे जातींची. तिचा वंशवृक्ष मांडायचा तर एका जातीचा जनुकसंच अथपासून इतिपर्यंत आधी वाचायला हवा. त्यांनी निवडलं जंबू लाउत. मग त्याच्या आधाराने आणखी 292 झाडांचे जनुकसंच ताडून पाहिले. त्यांना दिसलं ते असं: या प्रजातीचा जन्म ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या भूभागावर झाला. तिथून ती बेटाबेटाने पश्चिमेला आली, आग्नेय आशियात पसरली, भारतीय उपखंडात शिरली आणि आफ्रिकेपर्यंत गेली. जिथे पोचली तिथे थोड्याच काळात तिच्या ढीगभर नव्या जाती फुटल्या, इतक्या झपाट्याने की आजही त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं भल्याभल्यांना जड जातं.

म्हणजे महाबळेश्वरच्या पठारावर, आंबोलीच्या घाटात, कोकणातल्या देवराईत जी जांभळं आहेत, त्यांचे पूर्वज पूर्वेकडून, या बाजूने आले. 1845 मध्ये बेडी घातलेल्या माणसाने ते पान ओळखलं, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

तुम्हाला हे झाड प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लॅब्राडोर पार्क या मेट्रो स्थानकावर उतरा आणि समुद्राकडे चालत जा. जुन्या कातळकड्यावरची झाडी तिथे अजून राखलेली आहे. शहरात जुन्या रस्त्यांच्या कडेलाही ते भेटतं, शंभर फुटांच्या घरात पोचलेलं. आपल्या सह्याद्रीतही या प्रजातीच्या कितीतरी जाती आहेत, काही तर फक्त तिथेच सापडणाऱ्या. खाणी, रस्ते आणि बंगल्यांच्या योजना रोज त्यांच्या दिशेने सरकत आहेत. त्यांच्यातली प्रत्येक जात जंबू लाउतइतक्या बारकाईने वाचली जावी, आणि तीही सात टक्क्यांवर यायच्या आत, असं मला फार वाटतं.