कमवा आणि शिका : श्रम व विद्या यांच्या मेळाची वाटचाल

गरिबाच्या मुलाने विद्या मिळवावी ती कोणाच्या आधारावर, हा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे. पूर्वीच्या व्यवस्थेत त्याचे उत्तर माधुकरी आणि वारावरचे जेवण हे होते. आठवड्याचे वार निरनिराळ्या घरी लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पोटाची सोय होई. परंतु त्याबरोबर येणारे मिंधेपणही त्याला सोसावे लागे. शिवाय हा आधार प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यापुरताच होता. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाला वार कोण लावून देणार? त्याच्यासाठी श्रम हाच एक मार्ग होता, आणि श्रम करणाऱ्यासाठी शाळेचे दार क्वचितच उघडे असे.

इंग्रजी विद्येचे युग आले तेव्हा खर्च वाढला. शहरातील बिऱ्हाड, फी आणि पुस्तके यांची तोंडमिळवणी करणे हा विद्यार्थ्याचा नित्याचा झगडा झाला. गोपाळ गणेश आगरकरांनी विद्यार्थिदशेत कारकुनी, कंपाउंडरी, वृत्तपत्रलेखन अशी मिळतील ती कामे करून शिक्षण रेटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र तर याहून बोलके आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये वडोदरा संस्थानच्या सेवेत रुजू झाल्यावर अस्पृश्यतेच्या छळामुळे त्यांना ती सोडावी लागली. लंडनमधील अभ्यास अपुरा राहिला होता. तो पुरा करण्यासाठी १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसा गाठीला बांधला, छत्रपती शाहू महाराज व स्नेही यांचे साहाय्य घेतले आणि ते पुन्हा लंडन गाठते झाले.

ही उदाहरणे तेजस्वी आहेत. परंतु त्यांत ओढाताण सोसणारा तो विद्यार्थी एकटाच आहे. त्याच्या कामाची वेळ वा कष्ट विद्यापीठाच्या हिशेबात कोठेच धरलेले नाहीत. अशी असामान्य जिद्द ज्याच्याजवळ नाही, त्या सामान्य मुलाचे काय, हा प्रश्न व्यक्तीने सोडवण्याजोगा नव्हता. तो संस्थेने हाती घेणे अवश्य होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती याच जाणिवेतून. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा निरुपयोगी, म्हणून त्यांनी शाळेची वेळच बदलली.

सत्यशोधकी विचारात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच्यापुढचे पाऊल टाकले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा हे कार्याचे केंद्र झाले, आणि तेथील वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. धनिणीच्या बागेतील ह्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. धान्य निवडणे, स्वयंपाक, पाणी भरणे, शेती, बांधकाम ही कामे मुले स्वतः करीत. मुलांच्या जेवणाची तजवीज नसे तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. पण दान हा संस्थेचा पाया ठरू नये, हा भाऊरावांचा कटाक्ष होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्यातूनच आले.

१९४० साली साताऱ्यात ह्या तत्त्वावर निवासी हायस्कूल निघाले. त्याला महाराज सयाजीरावांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा हा दुवा आहे. पुढे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणाच्या पायरीवर पोहोचली. विद्यार्थ्याने रोज काही तास शेतात किंवा बांधकामावर काम करावे आणि त्या कामाच्या मोबदल्यातून त्याचा जेवणखाण व शिक्षणाचा खर्च भागावा, अशी तिची रचना होती. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे ह्याच कॉलेजचे प्राचार्य आणि त्यानंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. योजनेच्या यशाची ह्याहून निराळी साक्ष नको. पुणे विद्यापीठानेही कर्मवीरांच्या नावानेच अशी योजना चालविली.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः सोसलेल्या ओढाताणीचे उत्तर दुसऱ्या रीतीने दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळच्या वेळी वर्ग भरविण्यात आले. कचेरी सुटत नाही, तर कॉलेजनेच कचेरीच्या आधी भरावे, हा तो सरळ विचार होता. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तोच विचार खेडोपाडी नेला.

तथापि ह्या दोन्ही प्रयोगांची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. साताऱ्याचा विद्यार्थी शेतात राबला, परंतु वर्गात तो शिके तो इतिहास किंवा गणित. मुंबईचा विद्यार्थी कचेरीत एक काम करी आणि वर्गात दुसराच विषय अभ्यासी. श्रमाने शिक्षणाचा खर्च भागला, स्वाभिमानही राखला गेला. श्रम हा अभ्यासक्रमाचा भाग मात्र झाला नाही. तो प्रयोग अमेरिकेत झाला. सिनसिनाटी विद्यापीठातील प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन नवी पद्धत सुरू केली. दोन विद्यार्थ्यांची जोडी असे. एक आठवडाभर कारखान्यात वेतनावर काम करी, तेव्हा दुसरा वर्गात शिके. पुढच्या आठवड्यात अदलाबदल होई. कारखान्याचे काम अडत नसे आणि विद्यार्थ्याला वेतनाबरोबर आपल्याच विषयाचा अनुभव मिळे. भारतात पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ मध्ये उद्योगक्षेत्रातील प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात स्थान दिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अभियांत्रिकी पदवीधरांचा समावेशही १९७३ च्या दुरुस्तीनेच झाला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उमेदवारीची जोड असलेले पदवी अभ्यासक्रम सर्वत्र बोलले जाऊ लागले. अनुभवाला श्रेयांक मिळू लागले, ही स्वागतार्ह घटना होय. परंतु पुष्कळदा हा अनुभव विनावेतन असतो. परक्या शहरात राहून चार-सहा महिने फुकट काम करणे सधन घरच्या मुलाला परवडते. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याच्या फीची विवंचना आहे, त्याला ते परवडत नाही. ज्या मुलासाठी साताऱ्याची योजना जन्मली, तोच अशा व्यवस्थेत पुन्हा दाराबाहेर राहतो. अनुभव हा मग शिक्षणाचा भाग न राहता विकत घेण्याची वस्तू होतो.

ह्या इतिहासाचा बोध येथेच आहे. सिनसिनाटीच्या पद्धतीने कामाला अभ्यासाशी जोडले, पण त्याचे वेतनही दिले. साताऱ्याच्या योजनेने कामाला प्रतिष्ठा दिली आणि त्याचा मोबदला चोख धरला. कर्मवीरांनी आपल्या योजनेच्या नावात ‘कमवा’ हा शब्द आधी घातला, तो सहज नव्हे. विद्यार्थ्याच्या श्रमाचे मोल त्याच्या हाती पडल्यावाचून त्याच्या शिक्षणाला स्वावलंबी म्हणता येत नाही. नव्या अभ्यासक्रमांची आखणी करणाऱ्या विद्यापीठांनी हा शब्दक्रम ध्यानी ठेवला, तर वारावर जेवणाऱ्या मुलापासून सुरू झालेली ही वाटचाल योग्य मुक्कामी पोहोचेल.