समलिंगी व्यक्ती, त्यांची कुटुंबे आणि चर्च (रायगड–मुंबई)
कुंडलिकेच्या मुखावरचे कोर्लई (रायगड) मुंबई महाधर्मप्रांतात येते. पोर्तुगीज-मिश्रित बोली जपणाऱ्या इथल्या कॅथलिकांसाठीही समलिंगी व्यक्तींविषयी चर्चचा अधिकृत शब्द मुंबईहूनच येतो. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ कायम ठेवले. अनेक धर्मनेत्यांनी निकालाचे स्वागत केले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी मात्र चर्चने समलिंगींना कधी गुन्हेगार मानले नाही, असे जाहीर केले. ते धाडसाचेच होते, जरी समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध कायम राहिला. मुंबईतील समलिंगी व्यक्तींच्या पालकांनी २०१७ मध्ये ‘स्वीकार’ हा गट स्थापला. तो कोणत्याही एका धर्माचा नाही. १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विधिबाह्य आशीर्वाद देण्याची मुभा दिली. विवाहसंस्कार स्त्री-पुरुषांपुरताच राहिला.