आधी तवा, मग रस्सा

कृष्णाकाठच्या वांग्याच्या रश्श्यात पडणारा मासा बहुतेक वेळा कृष्णेचा नसतो. तो समुद्राचा असतो, सुका असतो आणि घाट चढून आलेला असतो. सुकट-वांगं, बोंबील-वांगं ही सातारा-सांगलीकडची कालवणं गरिबाघरची म्हणून बाजूला पडली. माझ्या मते मासा आणि भाजी एका पातळ रश्श्यात आणण्याची इथली रीत त्यांतूनच आली आहे.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की पाटण, पुढे कऱ्हाड. या वाटेने कोकणातलं मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि देशावरचं धान्य खाली जायचं. सुकट, सोडे त्या किनाऱ्याचे. बोंबील मात्र उत्तरेचा, वसई-डहाणू पट्ट्यातला. ताज्या बोंबलाच्या अंगात पाणीच फार, म्हणून जबड्यात जबडा अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या आडव्या काठ्यांवर उन्हात टांगतात. मुंबईच्या गिरणगावात सातारा जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या गाठोड्यांतूनही हा बोंबील गावोगाव पोचला. पावसाळ्याची बेगमी म्हणून तो डब्यात भरून ठेवायचा आणि भाजी महागली की बाहेर काढायचा.

सुका बोंबील थेट पाण्यात टाकला तर रश्श्याला उग्र वास येतो आणि तुकडा लिबलिबीत होतो. म्हणून डोकं-शेपूट काढून तुकडे आधी कोरड्या तव्यावर भाजायचे, मग गरम पाण्यातून काढायचे. भाजल्याने वास निवतो, खरपूस चव येते आणि तुकडा रश्श्यात टिकतो. वांग्याच्या फोडी तेलात कांद्या-लसणाबरोबर परतायच्या, कांदा-लसूण मसाला, हळद, बेताचं पाणी घालायचं आणि फोडी मऊ होत आल्या की बोंबील सोडायचा. वांगं इथलंच, मसाल्यातली मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि टोमॅटो त्याहून उशिरा.

इतक्या पातळ पाण्याला चव कुठून येते? याचं उत्तर जपानमध्ये मिळालं. तिथे धुरावून वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाने दाशी नावाचं स्वच्छ, पातळ पाणी करतात. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी दाशीतल्याच कोम्बू या समुद्री शेवाळातून चव देणारं ग्लुटामेट वेगळं केलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओत इनोसिनेट हे दुसरं चवद्रव्य सापडलं. ही दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, सुक्या मासळीत इनोसिनेट. खोबऱ्याचं जाड वाटण न लावताही सुकट-टोमॅटोचा रस्सा भाकरी संपवतो, तो याच जोरावर. आपल्या बायकांनी हे चुलीपुढे उभं राहून साधलं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ताजा मासा या पातेल्यात मुबलक आला तो धरणांनंतर. नदीत मरळ, वांब होतेच, पण ते हाती लागतील तेव्हाचे. मूळची आफ्रिकेची तिलापिया १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आली आणि इकडच्या धरणांत चिलापी म्हणून रुळली. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, त्यामुळे रोहू-कटल्याचं बीज नदीतून गोळा करण्यावरच विसंबून राहणं संपलं. ज्या गंगेच्या खोऱ्यातले हे मासे, तिथला माछेर झोलही याच जातीचा: हळद-मीठ लावून तळलेला तुकडा, बटाटा-वांगं आणि पातळ रस्सा.

मासा मुबलक झाला आणि वांगं मात्र निघून गेलं. खानावळीच्या ताटात तळलेली चिलापी एकीकडे, भाजीविना लाल रस्सा दुसरीकडे. हे मला पटत नाही. चिलापीच्या तुकड्याला सांगलीची हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावा, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी झटकन शेकवा आणि वांगं शिजलेल्या रश्श्यात अगदी शेवटी, दोन उकळ्यांपुरता सोडा. ताजा मासा बोंबलासारखा दम धरत नाही. जास्त शिजवलात तर काटेच हाती लागतील.